बॉनेटची उंची

थारच्या फोर बाय फोर मॉडेलमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडी असते. ती टू एचवर असली की इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो. फोर एचवर ओढली की चारही चाकांना मिळतो. फोर एलवर वेग मंदावतो आणि जोर वाढतो. खडकाळ चढाला किंवा चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढायला ती सोय. आता या दांडीबद्दलची एक गोष्ट शोरूममध्ये फारसे कोणी सांगत नाही. वळण घेताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात, वाळूत, ओल्या गवतावर चाक जरासे घसरते आणि हा फरक आपोआप निघून जातो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो. तिथे फोर एच लावून वळलात तर पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये ताण साठत जातो, स्टिअरिंग जड होते, टायर घासतात आणि शेवटी जोर पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचे काम निघते. म्हणून अशा गाड्यांच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेले असते की कोरड्या, पक्क्या रस्त्यावर चारही चाकांचा जोर लावू नका.

म्हणजे पुण्याच्या कर्वे रस्त्यावर, कोल्हापूरच्या शाहूपुरीत किंवा नाशिकच्या कॉलेज रोडवर ही गाडी जेव्हा आपल्या मागे येऊन हॉर्न देते, तेव्हा ती दोनच चाकांच्या जोरावर चाललेली असते. ज्या गुणासाठी ती बनवली गेली तो गुण शहरात वापरताच येत नाही. तिच्याबरोबर येणारी उंची, रुंदी आणि वजन मात्र क्षणभरही बाजूला ठेवता येत नाही. रस्त्यावरच्या बाकी सगळ्यांच्या वाट्याला तेवढेच येते.

पुष्कळ लोक तर ती दांडी विकतही घेत नाहीत. जानेवारी २०२३मध्ये थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपात आली आणि ती जोरात खपली. फॉर्च्युनर आणि स्कॉर्पिओ-एन याही दोन चाकांच्या जोरावर चालणाऱ्या रूपात मिळतात. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. २०२४-२५ या वर्षात देशात ४३ लाखांच्या आसपास प्रवासी गाड्या विकल्या गेल्या आणि त्यांतल्या जवळपास ६५ टक्के युटिलिटी प्रकारातल्या होत्या. त्यांत लहानही आल्या, पण ओढ कुठल्या दिशेने आहे हे त्यावरून कळते. ज्या देशात एकेकाळी १४४० मिलिमीटर रुंदीची मारुती ८०० ही घरोघरची गाडी होती, तिथे आज १८५५ मिलिमीटर रुंदीची फॉर्च्युनर हे पुष्कळांचे स्वप्न आहे. जवळपास ४२ सेंटिमीटरचा फरक. शनिवार पेठेतल्या बोळात, दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या असताना, एक माणूस भिंतीला अंग न घासता पलीकडे जाऊ शकतो की नाही हे या ४२ सेंटिमीटरवर ठरते.

तरीही या गाड्यांचा किंवा त्यांच्या मालकांचा द्वेष करणे मला पटत नाही. त्याचे कारण वडापमध्ये आहे.

सातारा, सांगली, कोल्हापूरच्या वाचकाला वडाप समजावून सांगायला नको. विदर्भ-मराठवाड्यात तीच काळीपिवळी. एसटी दिवसातून दोनदा यायची आणि भरून यायची. मग फाट्यावर कमांडर किंवा ट्रॅक्स जीप उभी असायची. पुढे ड्रायव्हरला धरून चार, मधे चार-पाच, मागे समोरासमोर बसलेले आठ, टपावर भाजीची पोती आणि मागच्या पायरीवर लोंबकळणारी तरणी पोरे. स्टँडपासून २०० मीटरच्या आत प्रवासी भरायचे नाहीत असा नियम होता, त्यामुळे सगळा व्यवहार त्या रेषेच्या पलीकडे, चहाच्या टपरीशी व्हायचा. “सीट भरल्याशिवाय हलत नाही” हे वाक्य ऐकत महाराष्ट्राच्या दोन पिढ्या कॉलेजला, बाजाराला आणि सरकारी दवाखान्यात गेल्या. वाहतूक बेकायदा होती, धोक्याची होती, आणि तिच्यावाचून गाव हलत नव्हते.

जीप ही आपल्याकडे पहिल्यापासून अशीच कामाची गाडी. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. महायुद्धासाठी बनलेली ही अमेरिकन गाडी इथे धरणाच्या कामावर, जंगलखात्यात, कलेक्टरच्या दौऱ्यावर आणि निवडणुकीच्या प्रचारात रुळली. १९९४मध्ये टाटांची सुमो आली. तिचे नाव टाटांच्या टेल्को कंपनीचे अध्वर्यू सुमंत मुळगावकर यांच्या नावातून घेतलेले. ती पिंपरीत बनायची आणि लग्नाच्या वऱ्हाडापासून पोलिसांपर्यंत सगळ्यांना पुरायची. २०००मध्ये बोलेरो आली. या गाड्यांत बसणारे लोक जास्त आणि मिरवणारे कमी होते.

२००२मध्ये नाशिकला बनलेली स्कॉर्पिओ आली आणि चित्र बदलायला लागले. २००९मध्ये फॉर्च्युनर आली. साखर कारखान्याच्या गेटवर, जिल्हा परिषदेच्या आवारात, पतसंस्थेच्या वार्षिक सभेला कोण कशातून उतरते यावर नजर असायचीच. आता त्या नजरेला एक ठरलेले माप मिळाले. पांढरा रंग, काळ्या काचा, पुढे पक्षाचा छोटा झेंडा, नंबरप्लेटवर ४१४१ असे वळवून लिहिलेले की ‘दादा’ वाचले जावे. नेत्या-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा १ मे २०१७पासून देशभरातून गेला. माझे निरीक्षण असे की दिवा गेल्यावर त्याचे काम गाडीच्या आकाराकडे आले. आरसा भरून काही पांढरे दिसले की लोक आपोआप डावीकडे सरकतात.

वाळवा तालुक्यातल्या एका ऊस उत्पादकाशी बोलत होते. वय तिशीच्या आत, दारात काळी थार. मी विचारले, शेताला लागते का? तो स्पष्ट म्हणाला, “नाय ताई. शेताला ट्रॅक्टर हाय. माझा आजा वडापच्या मागं लोंबकळत इस्लामपूरच्या बाजाराला जायचा. एकदा पडला, पाय मोडला, जल्मभर लंगडला. मी म्हणलं, आपल्या दारात आपली जीप उभी राहिली पायजे.” या उत्तरावर मला काही बोलता आले नाही आणि बोलण्यासारखे काही होते असे आजही वाटत नाही. ज्या घराने तीन पिढ्या उभ्याने प्रवास केला, त्या घरातल्या मुलाला पुढच्या सीटवर बसावेसे वाटले तर त्याला उधळपट्टी म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या घरचा इतिहास तपासावा. हिंजवडी, चाकण, मुळशीत किंवा समृद्धी महामार्गाच्या कडेला जमिनीचा मोबदला मिळालेल्या घरांनी गाड्या घेतल्या, त्यावर शहरातल्या लोकांनी पुष्कळ टिंगल केली. जमीन गेल्यावर हातात आलेल्या पैशाचे काय करायचे हे शिकवायला मात्र त्यांतले कोणी गेले नव्हते.

पण हीच प्रतिष्ठा कुठवर जाते तेही पाहिले पाहिजे. २०२५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या एका तरुण विवाहितेच्या मृत्यूनंतर तिच्या लग्नात दिलेल्या वस्तूंची यादी वर्तमानपत्रांत आली. ५१ तोळे सोने, चांदीची भांडी आणि एक फॉर्च्युनर. न्यायालयात जे ठरायचे ते ठरेल. ती यादी वाचून गावोगावच्या वधुपित्यांना मात्र नवे काही कळले नाही. “पोरगा चांगला आहे, गाडीचं बघा” हे वाक्य त्यांनी ऐकलेले होते. मोटारसायकलवर थांबणारी मागणी आता मांडवाच्या दारात उभ्या राहणाऱ्या उंच गाडीपर्यंत गेली आहे, आणि तिथे ती ‘हौस’ या नावाखाली खपते.

शहरातल्या खरेदीदाराची भाषा वेगळी असते. तो प्रतिष्ठेचे नाव घेत नाही, भीतीचे घेतो. कोथरूडमधल्या एका बाईंनी हॅचबॅक विकून मोठी गाडी घेतली. त्या म्हणाल्या, “लहान गाडीला कोणी विचारत नाही हो. कट मारतात, दाबतात. शिवाय मुलं आत असतात. उंचावर बसलं की सगळं दिसतं, सुरक्षित वाटतं.” खड्डे, अचानक येणारे गतिरोधक, पावसाळ्यात तुंबणारा भुयारी मार्ग, रात्री समोरून डोळ्यांत घुसणारे दिवे, हे सगळे खरे आहे. २०० मिलिमीटरच्या वर ग्राउंड क्लिअरन्स असलेली गाडी या रस्त्यांवर कमी आपटते हेही खरे. महापालिकेने जो रस्ता नीट ठेवायचा, त्याची भरपाई नागरिक स्वतःच्या खिशातून उंच गाडी घेऊन करतो आहे.

मात्र त्या बाईंना जी सुरक्षितता मिळाली तिची किंमत रस्त्यावरचे दुसरे लोक देतात. २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती आणि सुमारे १९ टक्के पायी चालणारी. महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजारांहून अधिक मृत्यू झाले. आपल्या रस्त्यावर मरणारा माणूस बहुतेक वेळा गाडीच्या पत्र्याबाहेर असतो. म्हणून गाडीचे तोंड कसे आहे याला इथे युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त महत्त्व आहे.

अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने २०२३मध्ये पादचाऱ्यांच्या सुमारे १८ हजार अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गाड्यांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे एक मीटरपेक्षा उंच आहे, त्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या तोंडाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. कारण समजायला सोपे आहे. बुटकी मोटार पायांना लागते आणि माणूस बॉनेटवर कोसळतो. हाडे मोडतात, पण जीव वाचण्याची आशा असते. उंच, सपाट तोंडाची गाडी मोठ्या माणसाच्या छाती-पोटावर आणि मुलाच्या डोक्यावर थेट आदळते, आणि माणूस वर न जाता पुढे फेकला जातो किंवा खाली ओढला जातो. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण एक मीटर असते. असे मूल उंच बॉनेटच्या अगदी पुढ्यात उभे असेल तर चालकाला ते दिसतच नाही. “उंचावर बसलं की सगळं दिसतं” हे दूरच्यापुरते खरे आहे. सोसायटीच्या फाटकात गाडी बाहेर काढताना जे जवळ असते, तेच दिसत नाही.

ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची टक्कर-चाचणी सुरू झाली आणि पाच तारे मिळवलेल्या गाड्यांच्या जाहिराती आपण पाहतो. ही चाचणी सुरू झाली याचा मला आनंद आहे. आपल्याकडे पत्र्याचे डबे विकून झालेले आहेत. तरी ते तारे मुख्यतः आत बसलेल्यांसाठी मोजलेले असतात. शेजारून स्कूटरवर जाणाऱ्या बाईच्या जिवाला किती तारे, याचा आकडा कुठल्याही होर्डिंगवर नसतो.

त्यात भर पडते बाजारातून लावून घेतलेल्या सामानाची. कराडजवळच्या एका गॅरेजमध्ये पुढे लावायचे लोखंडी गार्ड ओळीने टांगलेले होते. पाइपाचे, पट्टीचे, मधे विंच बसवता येईल असे. मिस्त्री म्हणाले, “गाडी घेतली की दुसऱ्या दिवशी इथंच. गार्ड, टपावर लाइट, रुंद टायर आणि काळी फिल्म. कायद्यात बसत न्हाई, सगळ्यांस्नी ठावं हाय.” केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्येच सर्व राज्यांना कळवले होते की असे क्रॅश गार्ड आणि बुल बार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध आहेत, कारवाई करा. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्येच बंदी घातली. गार्डमुळे मालकाचेही नुकसान होते. गाडीचे तोंड टक्कर झाल्यावर चुरगळून धक्का गिळेल अशा रीतीने बनवलेले असते. चासीला आवळलेला लोखंडी पाइप तो धक्का सरळ आत पोचवतो आणि एअरबॅग कधी उघडायची याचा सेन्सरचा अंदाजही चुकू शकतो. बाहेरच्या माणसासाठी तर तो पाइप म्हणजे मृत्यूच.

समुद्रकिनाऱ्यावर मला सर्वांत जास्त राग येतो. काशीद, मुरुड, हर्णै, गोव्यातले मोरजी, प्रत्येक सुट्टीत कोणीतरी फोर बाय फोर घेऊन वाळूत उतरतो, भरतीच्या रेषेजवळ रुततो आणि मग गावातला ट्रॅक्टर किंवा जेसीबी बोलवावा लागतो. त्याचे व्हिडिओ लोक मजेने पाहतात. वेळासला २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पुढे आंजर्ले आणि इतर गावे त्यात आली. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथेही कासवे अंडी घालतात. घरटे वाळूखाली हात-दीड हात असते आणि वरून काही दिसत नाही. टायरखाली वाळू दाबली जाते, अंडी फुटतात, आणि उरलेली पिल्ले बाहेर आलीच तर टायरच्या खोल चाकोरीत अडकून समुद्रापर्यंत पोचत नाहीत. किनाऱ्यावर गाडी घालायला मनाई आहे. गाडी तिथे जाऊ शकते म्हणून ती तिथे न्यायची, हे धाडस नव्हे.

आणि जिथे ही गाडी खरोखर लागते, तिथे ती पुरेशी नाही. गडचिरोलीत भामरागड, एटापल्लीकडच्या कच्च्या वाटांवर पावसाळ्यात बाळंतिणीला दवाखान्यात आणायचे असते. वेल्हे, भोरकडच्या धनगरवाड्यांवर शेवटचे तीन-चार किलोमीटर निसरडा चढ असतो. त्या चिखलात ती आखूड दांडी फोर एलवर ओढली की काय होते हे पाहणाऱ्याला या यंत्राबद्दल आदरच वाटेल. चारही चाकांचा जोर सर्वांत आधी आरोग्य खात्याच्या आणि वनखात्याच्या गाड्यांना मिळायला हवा.

नोव्हेंबर २०२५मध्ये हरियाणाच्या पोलीस महासंचालकांनी थार आणि बुलेट चालवणाऱ्यांच्या वृत्तीबद्दल जाहीर वक्तव्य केले. थार दिसली की ती तपासल्याशिवाय सोडता येणार नाही, असा त्यांचा रोख होता. अनेकांनी टाळ्या वाजवल्या. मला ते मान्य नाही. मॉडेल पाहून माणसाची वृत्ती ठरवणे पोलिसांचे काम नाही. गार्ड, काच, दिवे, नंबरप्लेट आणि वेग पाहून दंड करणे हे त्यांचे काम आहे, आणि ते काम झेंडा लावलेल्या गाडीसमोरही तसेच झाले पाहिजे. तसे ते झाले तर थारची वेगळी भीती बाळगायचे कारण उरत नाही.

सरकारचे धोरणही तपासायला हवे. जीएसटी आल्यानंतर चार मीटरपेक्षा लांब, १५०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या आणि १७० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त ग्राउंड क्लिअरन्सच्या गाड्यांवर उपकर धरून ५० टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झाला. फॉर्च्युनरसारख्या गाड्या तीन लाखांहून अधिक रुपयांनी स्वस्त झाल्या. विजेवर चालणाऱ्या गाडीवर, ती कितीही जड आणि अजस्र असली तरी, ५ टक्केच कर आहे. कराच्या व्याख्येत लांबी आली, इंजिन आले. बॉनेटची उंची आणि वजन कधीच आले नाही. थारची लांबी ३९८५ मिलिमीटर आहे, यावरून कंपन्या कराचे माप किती बारकाईने पाळतात ते कळते. उंचीला माप लावले तर तेही पाळतील.

पॅरिसने फेब्रुवारी २०२४मध्ये जनमत घेतले आणि १ ऑक्टोबर २०२४पासून बाहेरगावच्या जड गाड्यांना मध्यवर्ती भागात तासाला १८ युरो पार्किंग लावले, लहान गाडीच्या तिप्पट. मतदान सहा टक्क्यांच्या आतच झाले होते, त्यामुळे त्याचा फार गवगवा करण्यात अर्थ नाही. पण जागा जास्त अडवणाऱ्याने जास्त द्यावे हे तत्त्व सरळ आहे. पुणे महापालिकेने पार्किंग धोरण २०१८मध्ये मंजूर केले आणि आजही बहुतेक रस्त्यांवर फुकट गाडी लावता येते. पावणेपाच मीटर लांबीची गाडी दिवसभर सार्वजनिक जागेत उभी राहते आणि तिच्यामुळे पादचारी रस्त्याच्या मधून चालतो. लांबीनुसार पार्किंग दर आणि गार्ड-फिल्मवर खरोखरची कारवाई, एवढे दोन निर्णय नव्या कायद्यावाचून घेता येतील. महापालिका निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला हे विचारा. तो कशातून उतरतो तेही बघा.

पाडवा जवळ आला की अनेक घरांत गाडी नोंदवण्याची बोलणी चालू होतात. मोठी गाडी घ्यायची असेल तर जरूर घ्या, घरात माणसे जास्त असतील, वाट खराब असेल, किंवा आजोबांच्या मोडलेल्या पायाची आठवण असेल. फक्त शोरूममध्ये गेल्यावर एक करा. घरातल्या लहान मुलाला बॉनेटच्या पुढे दोन हात अंतरावर उभे करा, स्वतः चालकाच्या जागेवर बसा आणि मूल दिसते का पाहा. दिसत नसेल तर ते मॉडेल गल्लीतल्या रोजच्या वापरासाठी घेऊ नका. आणि आधीच्या गाडीला लोखंडी गार्ड लावलेला असेल, तर पाडव्याची वाट न बघता तो आजच काढून टाका.